डिजिटल चित्रपटाचे कलर ग्रेडिंग आणि व्हिडिओ आउटपुट यंत्रणेची निवड : सातारा–सांगली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

दक्षिण महाराष्ट्राचे चित्रपटाशी असलेले नाते जुने आहे. १९२९ मध्ये कोल्हापूर येथे स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सैरंध्री’ (१९३३) हा चित्रपट रंगीत करण्याचा प्रयत्न केला. त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करण्यात आल्या आणि रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत. या घटनेतून एक तत्त्व लक्षात येते. रंगाविषयी निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला तो रंग निर्णयाच्या वेळीच यथार्थ स्वरूपात दिसला पाहिजे. डिजिटल तंत्रज्ञानाच्या काळातही या तत्त्वाचे महत्त्व कमी झालेले नाही.

सातारा जिल्ह्यातील वाई व मेणवली परिसरात ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४) यांसारख्या चित्रपटांचे चित्रीकरण झाले. मात्र चित्रीकरणानंतरचे तांत्रिक संस्कार प्रामुख्याने महानगरांतच होत राहिले. ही परिस्थिती आता पालटत आहे. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ या कलर ग्रेडिंगच्या आज्ञावलीची मोफत आवृत्ती २०११ पासून उपलब्ध झाल्याने लहान शहरांतील महाविद्यालयांनाही हे शिक्षण देणे शक्य झाले आहे. आज्ञावली विनामूल्य मिळाली तरी तिच्यातून बाहेर पडणारे चित्र कोणत्या यंत्रणेतून पाहायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

लेखाची उद्दिष्टे :

१. संगणकाचा नेहमीचा पडदा ग्रेडिंगसाठी प्रमाण का मानता येत नाही, हे स्पष्ट करणे.
२. व्हिडिओ आउटपुट उपकरणाच्या निवडीचे तांत्रिक निकष मांडणे.
३. मर्यादित अनुदान असणाऱ्या महाविद्यालयांसाठी खरेदीचा क्रम सुचविणे.

समस्येचे स्वरूप :

कलर ग्रेडिंग म्हणजे चित्रित दृश्यांतील प्रकाश, छाया व रंग यांचे अंतिम नियोजन होय. प्रस्तुत लेखकाच्या विभागातील विद्यार्थ्यांनी सांगलीच्या हळद बाजारावर एक लघुपट तयार केला. त्यात मार्केट यार्डातील सौदे होते, तसेच हरिपूर येथील पेवांची, म्हणजे हळद साठविण्याच्या भूमिगत कोठारांची, अंधारी दृश्ये होती. प्रयोगशाळेतील पडद्यावर सर्व काही समाधानकारक वाटले. प्रत्यक्ष प्रक्षेपणात मात्र पेवातील अंधार राखाडी झाला, हळद नारिंगी दिसू लागली आणि हमालांचे चेहरे पिवळे पडले. विद्यार्थ्यांचे चार महिन्यांचे श्रम प्रेक्षकांपर्यंत यथार्थपणे पोहोचले नाहीत.

शोध घेता दोन कारणे आढळली. पहिले कारण संकेताच्या पातळीचे होते. व्हिडिओच्या १० बिट संकेतात काळा रंग ६४ या अंकावर व पांढरा रंग ९४० या अंकावर धरला जातो. संगणकीय चित्रात मात्र ० ते १०२३ ही पूर्ण मर्यादा वापरली जाते. संगणक पूर्ण मर्यादेत संकेत पाठवीत होता आणि पडदा तो व्हिडिओच्या मर्यादेत वाचीत होता. त्यामुळे छायेतील तपशील बुडालेला दिसे व विद्यार्थी तो वर उचलत. दुसरे कारण असे की पडद्याचा पांढरा रंग मुळातच निळसर होता. त्याची भरपाई म्हणून विद्यार्थ्यांनी प्रत्येक दृश्यात पिवळी-तांबूस छटा वाढविली. विद्यार्थ्यांची दृष्टी सदोष नव्हती. त्यांना दिसणारे चित्रच असत्य होते.

संगणकाचा पडदा आणि स्वतंत्र आउटपुट :

ग्राफिक्स कार्डातून निघणारे चित्र पडद्यापर्यंत थेट पोहोचत नाही. कार्यप्रणाली, कार्डाचा ड्रायव्हर आणि रंगांची प्रोफाइल यांपैकी प्रत्येक टप्प्यावर त्यात बदल संभवतो. कार्यप्रणाली अद्ययावत झाली तरीही कालचा रंग आज वेगळा दिसू शकतो. याउलट स्वतंत्र व्हिडिओ आउटपुट उपकरण कार्यप्रणालीला वगळून, आज्ञावलीतील चित्र ठरावीक प्रमाणकानुसार एसडीआय किंवा एचडीएमआय तारेतून मॉनिटरकडे पाठविते. संगणकाच्या अंतर्भागात बसणारी कार्डे आणि थंडरबोल्टद्वारे बाहेरून जोडली जाणारी लहान उपकरणे असे त्याचे दोन प्रकार आहेत. ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीची डेकलिंक व अल्ट्रास्टुडिओ, तसेच एजेए कंपनीची कोना ही या वर्गातील परिचित नावे होत. आपली आज्ञावली कोणत्या कंपनीचे उपकरण ओळखते, याची खातरजमा मात्र खरेदीपूर्वीच करावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड गणनक्रिया जलद करते. त्यामुळे दाखविलेला रंग अचूक ठरत नाही. गती आणि अचूकता ही दोन स्वतंत्र मूल्ये आहेत.

निवडीचे तांत्रिक निकष :

(अ) बिट-खोली : ८ बिट संकेतात प्रत्येक रंगघटकाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १० बिट संकेतात १०२४. संध्याकाळच्या आकाशासारख्या मंद उतरत्या छटांत ८ बिट संकेतामुळे पट्टे दिसू लागतात. हे पट्टे मूळ चित्रीकरणात आहेत की केवळ पडद्यावर, हे विद्यार्थ्याला कळत नाही. म्हणून १० बिट ही किमान अट मानावी.

(आ) संकेताचा वेग : आवश्यक वेग साध्या गुणाकाराने काढता येतो. १९२० × १०८० आकाराचे, १० बिट ४:२:२ पद्धतीचे, सेकंदाला २५ चौकटींचे चित्र घेतले, तर प्रतिबिंदू सरासरी २० बिट धरून सुमारे १.०४ गिगाबिट प्रतिसेकंद लागतात. यासाठी १.४८५ गिगाबिटची एचडी-एसडीआय तार पुरेशी आहे. २०४८ × १०८० आकाराच्या, १२ बिट ४:४:४ पद्धतीच्या, २४ चौकटींच्या टू-के सिनेमासाठी सुमारे १.९१ गिगाबिट, म्हणजे ३जी-एसडीआय लागते. त्याच दर्जाच्या ४०९६ × २१६० फोर-के सिनेमासाठी सुमारे ७.६४ गिगाबिट, म्हणजे १२जी-एसडीआय आवश्यक ठरते. चित्रीकरण फोर-केमध्ये झाले असले तरी रंगाचा निर्णय टू-के किंवा एचडी पडद्यावर योग्य रीतीने घेता येतो. त्यामुळे महागड्या १२जी यंत्रणेचा आग्रह धरण्याचे कारण नाही.

(इ) प्रदर्शनाचे प्रमाणक : दूरचित्रवाणीसाठी रेक. ७०९ हे प्रमाणक, २.४ गॅमा आणि सुमारे १०० कँडेला प्रति चौरस मीटर एवढी पांढऱ्याची तेजस्विता वापरली जाते. डिजिटल चित्रपटगृहासाठी पी-थ्री रंगव्याप्ती, २.६ गॅमा आणि ४८ कँडेला अशी मानके आहेत. अमेरिकेतील चित्रपटसंस्थांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या डीसीआय या मंडळाने आपले पहिले विनिर्देश २००५ मध्ये प्रसिद्ध केले. रेक. ७०९ मध्ये ग्रेड केलेले चित्र योग्य रूपांतर करून चित्रपटगृहाच्या प्रतीत नेता येते, आणि लघुपटांसाठी हा मार्ग व्यवहार्य आहे.

स्थानिक रंगांची कसोटी :

रंगव्याप्तीचा प्रश्न आपल्या परिसरातील दोन उदाहरणांतून वर्गात चांगला समजावता येतो. पहिले उदाहरण हळदीचे. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचा गडद पिवळा रंग तांबड्या व हिरव्या घटकांच्या संयोगातून उमटतो, तर निळा घटक जवळजवळ शून्यावर असतो. पी-थ्रीची व्याप्ती तांबड्या व हिरव्या बाजूंनी अधिक असल्यामुळे असा पिवळा रंग त्यात अधिक मोकळेपणाने सामावतो. रेक. ७०९ मध्ये संपृक्तता वाढवत नेल्यास निळा घटक तळाला टेकतो आणि हळदीच्या ढिगाचा पोत नाहीसा होऊन सपाट पिवळा डाग उरतो.

दुसरे उदाहरण २०१२ मध्ये जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट झालेल्या कास पठाराचे. तेथील ‘सीतेची आसवे’ ही जांभळट-निळी फुले छायाचित्रात अनेकदा नुसती निळी दिसतात. येथे पी-थ्री मॉनिटर घेतल्याने प्रश्न सुटेल असे वाटते. परंतु पी-थ्री व रेक. ७०९ यांचा निळा मूलबिंदू एकच आहे. त्यामुळे निळ्या टोकाला व्याप्ती वाढत नाही. हा दोष मुख्यतः कॅमेऱ्याच्या रंगग्रहणात असतो आणि तो ग्रेडिंगमध्येच काळजीपूर्वक हाताळावा लागतो. अधिक किमतीचे उपकरण प्रत्येक रंगाला उपकारक ठरतेच असे नाही, हे यावरून दिसून येते.

खरेदीचा सुचविलेला क्रम :

१. प्रथम प्रदर्शनाचे माध्यम निश्चित करावे.
२. १० बिट एचडी संकेत देणारे साधे आउटपुट उपकरण घ्यावे. एसडीआय व एचडीएमआय या दोन्ही जोडण्या असल्यास पुढे मॉनिटर बदलणे सोपे जाते.
३. रेक. ७०९ प्रमाणकानुसार मापांकन करता येईल असा मॉनिटर आणि मापांकनासाठी कलरीमीटर घ्यावा. मापांकन नियमित करून त्याची नोंदवही ठेवावी.
४. खोलीच्या भिंती राखाडी रंगवाव्यात, खिडकीचा प्रकाश रोखावा.
५. आज्ञावली, उपकरण व मॉनिटर या तिन्ही ठिकाणी संकेताची पातळी एकच असल्याची पट्ट्यांच्या चाचणीचित्राने खात्री करावी.
६. उरलेल्या निधीतून ग्राफिक्स कार्डाची क्षमता वाढवावी.

निष्कर्ष :

व्यवहारात हा क्रम बहुधा उलटा असतो. निधीचा मोठा भाग संगणकाच्या वेगावर खर्च होतो आणि मॉनिटरपर्यंत पोहोचताना पैसे संपतात. आउटपुट उपकरणाची निवड ही त्याच्या किमतीवरून न करता प्रदर्शनाच्या प्रमाणकावरून करावी. उपकरण, मॉनिटर, मापांकन आणि खोली ही एकच साखळी असून तिची गुणवत्ता तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढीच असते. अंतिम प्रत तयार करण्यापूर्वी ती जवळच्या चित्रपटगृहात सकाळच्या रिकाम्या वेळेत एकदा पाहून घेणे इष्ट ठरेल. पेवातला अंधार आणि हळदीचा पिवळा रंग ज्यांनी रोज पाहिला आहे, तेच विद्यार्थी त्याचे उत्तम परीक्षक आहेत. त्यांच्यासमोर विश्वसनीय पडदा ठेवणे ही महाविद्यालयाची जबाबदारी आहे.