मुका मॉनिटर

वेतन हा श्रमाचा मोबदला होय. परंतु आपलें काम कोणाच्या तरी दृष्टीस पडलें आहे, हें समाधान नुसत्या पैशानें मिळत नाहीं. तें कसें द्यावें आणि त्याची मर्यादा कोणती, हें स्कॉटलंडमधील एका सूतगिरणीच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

क्लाइड नदीच्या कांठीं न्यू लॅनार्क येथें ही गिरणी होती. तिचा कारभार इ. स. १८०० मध्यें रॉबर्ट ओवेन यानें हातीं घेतला, तेव्हां कामगारांत चोरी व मद्यपान माजलें होतें. दंड आणि मारहाण हे त्या काळचे रूढ उपाय. ओवेननें ते सोडून प्रत्येकाच्या जागेजवळ लांकडाचा एक लहानसा चौकोनी ठोकळा टांगला. त्याच्या चार बाजूंस चार रंग असत: काळा वाईट वर्तनाचा, निळा बेताच्या, पिवळा चांगल्या आणि पांढरा उत्कृष्ट वर्तनाचा. आदल्या दिवसाच्या वर्तनाप्रमाणें देखरेख करणारानें योग्य ती बाजू समोर करावी व वहींत नोंद ठेवावी, असा नियम होता. हाच तो 'मुका मॉनिटर'. शेरा अन्यायाचा वाटल्यास कामगारास थेट ओवेनकडे दाद मागतां येई. ओवेन फेरीवर निघाला म्हणजे कामगाराकडे व रंगाकडे पाही. मात्र काळ्या रंगाबद्दलहि कोणास रागें भरत नसे. प्रथम काळे रंग फार दिसत. हळूहळू ते कमी होऊन निळे व पिवळे वाढले आणि पुढें कांहीं पांढरेहि दिसूं लागले, असें त्यानें आत्मचरित्रांत लिहिलें आहे.

परंतु हें यश एकट्या रंगांचें नव्हे. त्याच आत्मचरित्राप्रमाणें, अमेरिकेनें निर्यातबंदी केल्यामुळें कापूस महागला व गिरणी चार महिने थांबली. त्या काळांत यंत्रें स्वच्छ ठेवण्यापलीकडे काम नसतांहि ओवेननें सर्वांस पुरें वेतन दिलें. त्यापायीं सात हजार पौंडांहून अधिक खर्च झाला; पण कामगारांचा विश्वास त्यानेंच जिंकला.

गौरवाचें मर्म येथें आहे. पगार अडवून दिलेली शाबासकी ही थट्टा ठरते. शिवाय ठोकळा रोज सर्वांसमोर टांगलेला असल्यानें तो गौरवाइतकाच पाळतीचाहि होता; दाद मागण्याची सोय नसती, तर तो जाचच झाला असता. म्हणून कचेरींतील कारकून असो कीं घरीं काम करणारी बाई असो, आधीं त्यांचें देणें वेळेवर चुकतें करावें. मग कोणतें काम चांगलें झालें तें नेमकें सांगावें, आणि ज्यानें तें केलें त्याचेंच नांव घ्यावें. यास एक पैहि खर्च येत नाहीं. लक्ष मात्र द्यावें लागतें.