इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला?

घरगुती मसाले, दिवाळीचा फराळ, हातमागाच्या साड्या किंवा कोकणातल्या घरात पाहुण्यांची सोय असा छोटा व्यवसाय करणाऱ्यांना हल्ली एक प्रश्न हमखास पडतो. इन्स्टाग्रामवर फोटो टाकला, व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली, यूपीआयने पैसे जमा झाले. मग स्वतःच्या वेबसाइटवर खर्च कशासाठी करायचा?

प्रश्न रास्त आहे. वेबसाइट सुरू केली की गिऱ्हाइकांची रीघ लागेल, हा निव्वळ गैरसमज आहे. गल्लीच्या टोकाला असलेल्या दुकानासारखी तिची गत असते. कोणी पत्ता सांगितल्याशिवाय तिकडे कोणी फिरकत नाही. गिऱ्हाईक भेटते ते बाजारात आणि आजचा बाजार मोबाइलवरच्या या ॲपवर भरतो.

जागा कोणाच्या मालकीची?

परंतु बाजारातली ती जागा आपली नसते. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. टिकटॉकवर वर्षानुवर्षे जमवलेला चाहतावर्ग एका दिवसात हातचा गेला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास ठप्प झाली. छोट्या दुकानदारांना गुगलने दिलेल्या फुकट वेबसाइटही मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. फुकटची जागा देणारा ती केव्हाही काढून घेऊ शकतो.

कोणाला हवी, कोणाला नको?

आपल्याच वसाहतीत पाच-दहा डबे पुरवणाऱ्या गृहिणीला वेबसाइटची गरज नाही. व्हॉट्सॲप आणि गुगल मॅपवरची विनामूल्य नोंद तिला पुरेशी आहे. मात्र गिऱ्हाईक परगावचे असेल, अनोळखी असेल आणि आगाऊ पैसे भरणार असेल, तर ते आधी खात्री करून घेते. दर काय, पार्सल किती दिवसांत पोहोचेल, माल खराब निघाला तर काय, पत्ता खरा आहे का? या प्रश्नांची उत्तरे एका जागी मिळाली की विश्वास बसतो. इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत दिसेनाशी होते. वेबसाइटवरची माहिती मात्र वर्षभरानंतर शोधणाऱ्यालाही सापडू शकते.

एवढे सांभाळा

चार-पाच पानांची साधी वेबसाइट पुरते. त्यावर दर, फोन नंबर, पत्ता, परतीचे नियम आणि खाद्यपदार्थ असतील तर परवान्याचा वा नोंदणीचा क्रमांक अवश्य द्या. मजकूर मराठीतही ठेवा. २०१४ पासून वेबसाइटचा पत्तादेखील देवनागरीत, '.भारत' या अक्षरांनी घेता येतो. जुने दर तसेच राहू देऊ नका, त्याने भांडणे होतात. नियमित गिऱ्हाइकांचे नंबर, त्यांना विचारून, स्वतःच्या वहीत उतरवून ठेवा. फोटो आणि गप्पा इन्स्टाग्रामवर चालू द्या, पण प्रत्येक ठिकाणी आपल्या वेबसाइटचा पत्ता द्या.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेबसाइटचे नाव तयार करून देणाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या नावावर नोंदवा. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत उलटून गेली, तर तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो.