अटलांटिकवरचा एका रात्रीचा रस्ता

न्यूयॉर्कहून संध्याकाळी युरोपकडे निघालेली विमानं ज्या रस्त्यांनी अटलांटिक ओलांडतात, ते रस्ते आदल्या दिवशी तिथे नसतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शोधायला गेलात तर सापडत नाहीत. ते दररोज नव्यानं आखले जातात. पूर्वेकडे जाणारे रात्रीचे रस्ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या गँडर या छोट्या गावातून ठरतात, तर पश्चिमेकडे जाणारे दिवसाचे रस्ते महासागराच्या दुसऱ्या काठावरून, स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकहून. समुद्राच्या मधोमध, ३० अंश पश्चिम रेखांशावर, या दोघांची हद्द लागते. तिथे पूर्वेकडच्या रस्त्यांची वेळ साधारण ग्रिनिचच्या पहाटे १ ते सकाळी ८. पुढे साडेअकरापासून त्याच आकाशात वाहतूक उलट्या दिशेनं सुरू होते.

रोज नवे रस्ते कशाला? कारण वारा रोज जागा बदलतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो, हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्याही वर. तो सापडला जपानमध्ये. १९२० च्या दशकात वासाबुरो ओइशी हे हवामानशास्त्रज्ञ टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून दुर्बिणीनं त्यांचा माग काढत असत. त्यांनी हा वारा मोजला, आणि जगाला कळावं म्हणून अहवाल लिहिला तो एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत! जगानं तो अर्थातच वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बर विमानांना समोरून हा वारा लागला, तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली. आज युरोपला जाणारी विमानं त्याच्या पाठीवर बसतात आणि परतताना त्याला वळसा घालतात. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी याला साडेसहा-सात तास लागतात.

तर हा वारा कुठून जाणार ते पाहून पाच-सहा समांतर रेघा आखतात. पूर्वेकडे जाणाऱ्या रेघांना इंग्रजी मुळाक्षरं शेवटाकडून देतात : सर्वांत दक्षिणेची झेड, तिच्या वर वाय, मग एक्स. प्रत्येक रेघेवर हजार-हजार फुटांच्या अंतरानं मजले. एका मजल्यावर एकामागून एक विमानं, ठरवून दिलेल्या वेगानं. किनाऱ्यावरच्या रडारची नजर काहीशे किलोमीटरवर संपते, म्हणून कित्येक दशकं एकाच मजल्यावरच्या दोन विमानांत दहा मिनिटांचं अंतर ठेवायचा नियम होता. पायलट खरखरत्या रेडिओवर आपला ठावठिकाणा सांगत आणि आयर्लंडमधला रेडिओवाला तो उतरवून प्रेस्टविकच्या नियंत्रकाला कळवत असे. आता बहुतेक संदेश टाइप होऊन उपग्रहामार्फत जातात. २०१९ पासून तर विमान कुठे आहे ते उपग्रहच दर काही सेकंदांना टिपतात, म्हणून विमानं अधिक जवळजवळ उडू शकतात.

मला यातली सर्वांत विलक्षण वाटते ती एक जाणूनबुजून केलेली चूक. जीपीएस आल्यावर विमानं रेघेच्या मध्यावरून इतकी नेमकी उडू लागली की त्याचीच धास्ती वाटायला लागली. एखाद्यानं उंची चुकवली, तर वरचं विमान बरोबर खालच्याच्या डोक्यावर असणार. पूर्वी दिशादर्शक उपकरणांच्या बारीकसारीक चुकांमुळे ती आपोआप इकडेतिकडे पांगलेली असत. म्हणून आता पायलटांना सांगितलेलं आहे, की रेघेच्या किंचित उजवीकडून, दोन सागरी मैलांपर्यंत, आपापल्या मर्जीनं सरकून उडा. पुढच्या विमानानं ढवळलेली हवाही त्यामुळे चुकवता येते.

आता या व्यवस्थेत उशिरा आलेला प्रवासी घालून बघा. युरोपला जाणारी बहुतेक विमानं संध्याकाळी सहा ते अकराच्या दरम्यान निघतात, कारण सकाळी फ्रँकफर्ट, पॅरिस, लंडनला पोचून पुढच्या विमानांची गाठ घालून द्यायची असते. शिकागोकडे वीज कडाडली, तिकडून येणारं छोटं विमान दोन तास जमिनीवर राहिलं, की न्यूयॉर्कलाच गाठ सुटते. मग ट्रान्सफर डेस्कपुढची रांग, नवा बोर्डिंग पास, आणि अर्थातच मधली सीट. (युरोपीय कंपनीच्या विमानानं युरोपात चार तासांहून उशिरा पोचलात आणि दोष कंपनीचा असेल, तर युरोपच्या कायद्यानं ६०० युरो मिळतात. वादळ हा मात्र कुणाचाच दोष धरला जात नाही, हे काउंटरवर फार लवकर कळतं.)

कधी याच्या उलट घडतं. आपण वेळेत पोचून पट्टा आवळून बसलेलो असतो आणि विमान हलत नाही. कुणी तरी आलेलं नाही, त्याची बॅग उतरवताहेत, अशी घोषणा होते. आजूबाजूला सुस्कारे. बॅग उतरवण्याच्या या नियमामागे अटलांटिकवरचीच एक सकाळ आहे. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ बॉम्बस्फोटानं कोसळलं. विमानातले सर्व ३२९ जण गेले. बॉम्ब असलेली बॅग ज्याच्या नावावर चढवली होती, तो माणूस विमानात चढलाच नव्हता. बॅग आणि प्रवासी यांची जोडी जुळवण्याचा नियम त्यानंतर जगभर कडक झाला. विमान जिथे कोसळलं त्या समुद्राकडे तोंड करून आयर्लंडच्या अहाकिस्ता गावात स्मारक उभं आहे. बॅग उतरवण्यात गेलेल्या अर्ध्या तासाबद्दल कुरकुर करावीशी मला तरी वाटत नाही.

एकदाचं विमान सुटतं. सातऐवजी अकरा वाजता. इथे उशिराचं एक वेगळंच फळ पदरात पडतं.

पन्नास अंश उत्तर अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १०७० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे फिरतो. वारा पाठीशी असलेलं विमान त्याच दिशेनं ताशी हजाराच्या आसपास जातं. म्हणजे आपण सूर्योदयाकडे जवळपास दुप्पट वेगानं धावत असतो आणि मार्च-सप्टेंबरमधली बारा तासांची रात्र साधारण सहा तासांत उरकते. अकरा किलोमीटर उंचीवर क्षितिजही तीनेक अंश खाली वाकतं, त्यामुळे पहाट आणखी थोडी आधी होते. सात वाजता निघालेल्यांना सूर्य दिसतो आयर्लंड-इंग्लंडजवळ, नाश्त्याचे ट्रे गोळा होत असताना. अकराला निघालेल्यांना तो ऐन महासागरात, ३० अंश रेखांशाच्या आसपास उगवताना दिसतो. घड्याळात तेव्हा ग्रिनिचचे आठ वाजायला आलेले असतात. म्हणजे आपण नेमके मधल्या हद्दीवर, आणि पायाखालचा रस्ता मुदत संपून पुसला जाण्याच्या बेतात. आणखी उशीर झालेल्या विमानाला रेघ मिळत नाही. त्याचा मार्ग त्याच्यापुरता स्वतंत्र आखतात. जून महिन्यात डाव्या खिडकीशी बसलात, तर उत्तर क्षितिजावरची उजेडाची रेघ रात्रभर पुरती विझतच नाही.

बाहेर उणे पन्नास-पंचावन्न अंश. आत आपण जी हवा घेतो ती बहुतेक विमानांत इंजिनात दाबून, थंड करून आलेली असते, आणि तिचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. थोडक्यात, कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, आणि आपण त्याहून उंचावर पाय आखडून रात्रभर बसलेलो. हवा वाळवंटासारखी कोरडी, नाक सुकलेलं, वर इंजिनांची अखंड घरघर. अशात जिभेचं गणितच बदलतं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं कमी दाबाच्या कोठडीत विमानाचा सांगाडा ठेवून त्यात माणसांना जेवू घातलं : मीठ आणि साखर दोन्ही कमी जाणवली. २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की केबिनइतक्या गोंगाटात गोडाची चव मंदावते आणि जपानी लोक जिला उमामी म्हणतात ती चव उलट वाढते. टोमॅटोत ती भरपूर. एरवी टोमॅटोच्या रसाला हात न लावणारी माणसं विमानात तो आवर्जून का मागतात, याचा उलगडा बहुधा इथे आहे. ट्रेमधल्या पनीरच्या भाजीला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्यावं. पूर्ण माफ करा असं मी म्हणत नाही.

जेवणाच्या या ट्रेवरून एकदा विमान कंपन्यांमध्ये भांडणही झालं आहे. अटलांटिकवर इकॉनॉमी क्लास सुरू झाला एप्रिल १९५८ मध्ये. भाडं सगळ्यांचं सारखं ठरलेलं, आणि जेवण म्हणून फक्त साधी, थंड सँडविचेस द्यायची असा करार. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीनं पावाच्या तुकड्यावर मासे, मांस आणि काय काय रचून ताट भरून वाढायला सुरुवात केली. तिकडे सँडविच असंच असतं, ही त्यांची बाजू. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीनं तक्रार केली, विमान कंपन्यांची संघटना सँडविचची व्याख्या करायला बसली, आणि एसएएसला दंड झाला.

फ्रँकफर्टला उतरून पुढे मुंबईचं विमान पकडणाऱ्यांची, म्हणजे न्यू जर्सीहून पुण्या-नाशिकला निघालेल्या कित्येक घरांची, सूर्याशी ओढाताण इथे थांबत नाही. दुपारी एकच्या सुमाराला तिथून निघालं, की पुन्हा पूर्वेकडेच धाव. तुर्कस्तान-कास्पियनच्या आसपास दिवस मावळतो. न्यूयॉर्कला पाहिलेल्या सूर्यास्तानंतर जेमतेम सोळा तासांनी दुसरा सूर्यास्त. मधले आठ तास परतीच्या वाटेवर वसूल होतात. फ्रँकफर्टहून दुपारी अमेरिकेकडे निघालेलं विमान समोरच्या वाऱ्यात ताशी साडेआठशेनं जातं, पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा थोडंसंच कमी, त्यामुळे सूर्य जवळपास पाचपट सावकाश सरकतो आणि आठ-नऊ तास खिडकीत एकच दुपार असते.