रुळांवरची फटफटी

रेल्वेची सहल म्हटली की इंजिन, डबे आणि खिडकीसाठीची धावपळ आठवते. अमेरिकेतल्या हौशी मंडळींची तऱ्हाच वेगळी. दोन-चार माणसं मावतील एवढ्या मोटारगाड्या ते एकामागोमाग रुळांवर चढवतात आणि सगळा तांडा जंगलातल्या, नदीकाठच्या आडमार्गांवर निघतो. या चिमुकल्या गाड्यांच्या आणि त्यांच्या भावंडांच्या काही भन्नाट गोष्टी:

मूळची कामकरी
या गाड्यांना 'स्पीडर' म्हणतात. रूळ तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या गँगला कामावर पोचवणं हे त्यांचं काम. त्याआधी माणसं हाताने दांडा हलवत गाडी हाकायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेट्रोल इंजिन आलं आणि मिनेसोटा राज्यातल्या फेअरमाँट गावचा कारखाना या गाड्यांसाठी नावाजला. पुढे रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे चालणारे ट्रक आले, स्पीडर भंगारात निघाले आणि हौशी लोकांनी ते विकत घेऊन वाचवले.

गिअर नाही, तरी रिव्हर्स
जुन्या फेअरमाँटला एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक इंजिन आणि चाकाला जोडणारा पट्टा. गिअरबॉक्सचं नाव नाही. मागे जायचं असेल तर इंजिन बंद करून उलट्या दिशेने फिरवायचं. ते तितक्याच खुशीत उलटं धावतं!

स्टिअरिंगही नाही
वळणं रूळच घेतात. पण परतीच्या प्रवासाला तोंड फिरवायचं कसं? गाडीखालच्या जॅकवर ती उचलायची, जागच्या जागी गर्रकन फिरवायची आणि पुन्हा रुळांवर टेकवायची.

फाटक पडतच नाही
रुळांतून बारीकसा वीजप्रवाह खेळत असतो. रेल्वेगाडीच्या चाकांनी दोन रूळ जोडले गेले की सिग्नलला गाडी आल्याचं कळतं. स्पीडरची चाकं मात्र वीज जोडली जाणार नाही अशी मुद्दाम बनवलेली, कारण गँगच्या गाडीने सिग्नल बदलायला नको. त्यामुळे रस्त्यावरचं फाटकही आपोआप पडत नाही. म्हणून रस्ता आला की थांबायचं, एकाने झेंडा घेऊन उतरायचं, वाहनं अडवायची आणि तांडा पलीकडे काढायचा.

हौसेला शिस्तीची जोड
नॉर्थ अमेरिकन रेलकार ऑपरेटर्स असोसिएशन ही या मंडळींची संघटना. नियमांची परीक्षा, विमा आणि रेल्वे कंपनीची परवानगी यांशिवाय चाक फिरत नाही. थांबायची खूण हाताने एका गाडीकडून मागच्या गाडीला दिली जाते. ओल्या रुळांवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून पावसात गाड्यांमधलं अंतर वाढवायचं.

मंदीतली युक्ती
कोलोराडोच्या डोंगरातल्या रिओ ग्रांदे सदर्न रेल्वेला महामंदीत वाफेच्या गाड्या परवडेनात. टपालाचं कंत्राट तर टिकवायचं होतं. 1931पासून तिने जुन्या मोटारींचे सांगाडे वापरून 'गॅलपिंग गूज' नावाच्या सात रेल्वेमोटारी स्वतःसाठी बांधल्या. पहिली सोडून बाकी सहा आजही जपलेल्या आहेत.

बांबू आणि मोटारसायकल
कंबोडियात बाटाम्बाँगजवळ बांबूचा तक्ता, दोन आस आणि छोटं इंजिन एवढ्यावर 'नोरी' धावते. समोरून दुसरी आली की कमी ओझ्याची नोरी सुटी करून बाजूला ठेवतात. कोलंबियातल्या सान सिप्रियानोला लाकडी तक्त्यावर मोटारसायकल बसवलेली असते; तिचं मागचं चाक रुळावर फिरतं आणि तक्ता पळतो.

आपल्याकडची मजा
कालका-सिमला मार्ग 1903 साली सुरू झाला. 762 मिलिमीटर रुंदीचे रूळ, सुमारे 96 किलोमीटरचा घाट आणि शंभराहून जास्त बोगदे. 2008पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. इथे रेल्वेमोटारही धावते. आख्खा घाट समोरच्या काचेतून बघायचा तर तिच्यासारखी गाडी नाही.

आणि आपले ट्रॉलीमन
लोहमार्गाची पाहणी करणाऱ्या साहेबांची ट्रॉली भारतात अजूनही माणसं ढकलतात. अरुंद रुळावर पाय टाकत ते धावतात, वेग आला की उडी मारून मागे बसतात आणि गाडी यायच्या आधी आख्खी ट्रॉली उचलून बाजूला घेतात. स्पीडरवाल्यांची जी हौस, तो यांचा रोजचा घाम. पुढच्या प्रवासात खिडकीतून ट्रॉलीमन किंवा गँगमन दिसले तर त्यांना आवर्जून हात करा. आपला प्रवास सुखरूप होतो तो त्यांच्या जिवावर.