ईस्टरचें अंडें आणि वावड्याचीं मुलें

मालाड स्टेशनाच्या पश्चिमेस मार्व्याच्या रस्त्याला लागलें कीं प्रथम ओर्लेम लागतें, आणि पुढें खारोडी, मालवणी, एरंगळ, मढ अशीं जुनीं गांवें थेट समुद्राच्या कांठापर्यंत पसरलेलीं आहेत. ह्या गांवांतील ईस्ट इंडियन लोक धर्मानें कॅथलिक, पण त्यांची घरची बोली मराठीच. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा सुवर्णमहोत्सव झाला, त्या वेळीं त्यांनीं हें नांव धारण केलें. गोव्याहून व मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींपासून आपण निराळे ओळखले जावें, हा त्यांतील हेतु होता. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेमागून जो पहिला रविवार, तो ईस्टर. चाळीस दिवसांचा उपवासकाळ त्या दिवशीं संपतो, आणि ह्या भागांतील घराघरांतून शेजाऱ्यांकडे ताटें जाऊं लागतात. दिवाळीच्या फराळाचें जसें, तसेंच हें. ताट घेणारा हिंदु आहे कीं मुसलमान, हें कोणी पाहत नाहीं.

ह्या ताटांतील मानाचा पदार्थ म्हणजे मार्झिपानचें अंडें. मध्ययुगीन युरोपांत उपवासाच्या काळांत अंडीं वर्ज्य असत, म्हणून उपवास सुटतांच अंड्याला मान मिळाला, आणि पुढें खऱ्या अंड्याची जागा मिठाईच्या अंड्यानें घेतली. युरोपांत मार्झिपान बदामाचें करतात. आपल्याकडे बदामाऐवजीं काजू आला. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं ब्राझीलहून आणून गोव्याच्या किनाऱ्यावर रुजविलें, तेव्हां पोर्तुगीजांची मिठाई पोर्तुगीजांनींच आणलेल्या फळाची व्हावी हें योग्यच झालें. काजूची पूड, साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि गुलाबपाणी एवढ्यांतून तें होतें. रंगीत, गुळगुळीत, लहान मुलाच्या मुठींत मावेल एवढें. परंतु ज्या मुलाला काजूचें वावडें आहे, त्याच्या हातीं हेंच अंडें पडलें तर त्याच्या जिवावर बेतूं शकतें.

वावडें हा शब्द मराठींत फार सैल वापरला जातो. कोणाला वांग्याचें वावडें असतें, कोणाला गर्दीचें. येथें अभिप्रेत असलेलें वावडें म्हणजे वैद्यकांतील ॲलर्जी. हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं योजिला. शरीराचें संरक्षण करणारी यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी अन्नांतील प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते, हें तिचें स्वरूप. दूध पचत नाहीं म्हणून पोट फुगणें ही गोष्ट वेगळी. तींत दुधांतील साखरेचा दोष असतो व जिवाला धोका नसतो. दुधाच्या खऱ्या वावड्यांत एखादा घोटही अंगावर गांधी उठवितो, ओठ सुजवितो, श्वास कोंडतो. अशा मुलाला गाईऐवजीं म्हशीचें किंवा बकरीचें दूध देऊन पाहणें धोक्याचें आहे, कारण तिन्हींचीं प्रथिनें जवळजवळ सारखींच. ‘थोडेंसें खाल्लें तर संवय होईल’ हा आजीबाईंचा सल्ला प्रेमाचा खरा, पण वावडें एकदां जडल्यावर घरीं असला प्रयोग करूं नये.

आतां तें अंडें फोडून पाहूं. काजूचें वावडें असलेल्या मुलाला पिस्त्याचेंही वावडें बहुधा असतेंच, कारण दोन्हीं एकाच कुळांतलीं. बदाम त्या कुळांतला नव्हे. तथापि एखादें मूल बदाम खाऊं शकतें कीं नाहीं, हें डॉक्टरांनीं तपासून सांगावें, घरच्यांनीं अंदाजानें ठरवूं नये. भुईमूग तर कडधान्यांच्या वर्गांतला. पण स्वस्त पडतो म्हणून काजूच्या पिठांत शेंगदाणे मिसळले जाण्याचा संभव असतो, आणि पूड झाल्यावर डोळ्यांना कांहींच उमगत नाहीं. अंड्याची गोष्ट अधिक फसवी आहे. अंड्याचें वावडें असलेलीं कित्येक मुलें भट्टींत चांगला भाजलेला केक पचवितात, कारण दीर्घ उष्णतेनें त्यांतील कांहीं प्रथिनें बदलतात. मार्झिपानमधील बलक मात्र मंद आंचेवर थोडा वेळ आटविलेला असतो, कित्येकदां तर केवळ मळलेला. तेव्हां केक सोसतो म्हणून मार्झिपानही सोसेल, असें मुळींच नाहीं. चॉकलेटच्या अंड्यावर मुलाचें नांव ज्या पांढऱ्या साखरेनें रेखाटतात, तींतही पुष्कळदां कच्चा बलकच असतो. ही गोष्ट फार थोड्या आयांना ठाऊक असते.

बाजारांतून आणलेल्या बंद डब्याच्या बाबतींत कायद्याचें साहाय्य आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांप्रमाणें वेष्टनावर ग्लूटेनयुक्त धान्यें, कवचाचे जलचर, दूध, अंडें, मासे, भुईमूग व कठीण कवचाचीं फळें, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणांतील सल्फाइट यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. त्याखेरीज हिंदुस्थानांत हिरव्या ठिपक्याची एक सोय आहे. आपल्या नियमांत अंडें मांसाहारांत मोडतें, म्हणून हिरवा ठिपका असलेल्या पदार्थांत अंडें घातलेलें नसतें. अंड्याचें वावडें असलेल्या मुलाच्या आईला ही पहिली चाळणी म्हणून उपयोगी आहे. पण दूध किंवा काजू यांविषयीं तो ठिपका अवाक्षर बोलत नाहीं, आणि त्याच यंत्रावर आधीं काय तयार झालें तेंही सांगत नाहीं. काळें चॉकलेट दुधाविना असतें ही समजूतही भरंवशाची नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें काळ्या चॉकलेटच्या वड्या तपासल्या व २०१५ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांच्या घटकांत दुधाचें नांव नव्हतें, अशांपैकीं निम्म्याहून अधिक वड्यांत दूध निघालें.

परंतु ओर्लेमच्या ताटांतलें अंडें बंद डब्यांतून येत नाहीं. तें कोणाच्या तरी मावशीनें घरीं केलेलें असतें, किंवा कोपऱ्यावरच्या बेकरींतून सुटें आणलेलें असतें. त्याच्यावर ठिपका नाहीं, यादी नाहीं, आणि प्रेमानें दिलेल्या खाऊविषयीं चौकशी करणें अनेकांना उद्धटपणाचें वाटतें. ह्या संकोचापायीं जितका घोटाळा होतो तितका खचित दुसऱ्या कशानें होत नसेल. ‘मावशी, ह्यांत काय काय घातलें आहे?’ हा प्रश्न विचारण्यांत कसलाही अपमान नाहीं. उलट सुगरणीला तो आवडतोच.

त्याहून चांगला उपाय म्हणजे सर्वच मुलांसाठीं असा खाऊ करावा, कीं तो वावड्याच्या मुलालाही चालेल. ओल्या नारळाचें अंडें हा त्यांतला सर्वांत सोपा प्रकार. खोबऱ्याच्या पाठीची तपकिरी साल काढून केवळ पांढरा भाग खवावा व अगदीं बारीक वाटावा. दोन वाट्या खोबऱ्यास दीड वाटी साखर घालून मंद आंचेवर ढवळीत राहावें; गोळा कढईची कड सोडूं लागला कीं उतरवून गुलाबपाणी व बिटाच्या रसाचा थेंब घालावा, आणि कोमट असतांनाच सांच्यांत दाबावें. सांच्याला तुपाऐवजीं खोबरेल लावावें, कारण तुपांतही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहूं शकतो. नक्षी करावयाची तर पिठीसाखर लिंबाच्या रसांत कालवावी. एप्रिलच्या उन्हांत हीं अंडीं फार टिकत नाहींत. एक-दोन दिवसांत संपवावीं, आणि मुलांच्या घरांत तीं उरतच नाहींत. नारळाचें वावडें विरळा असतें, पण असतें. तेव्हां एकदां विचारून घ्यावें.

पेराद हीही चांगली. पेरूचा गर साखरेंत आटवून केलेली ही वडी. इंग्रजींत तिला चीज म्हणत असले तरी तींत चीजचा लवलेश नसतो. फक्त थाळीला लोणी लावूं नये. ईस्ट इंडियन घरांतील रवा, खोबरें व अंडीं घालून केलेली थाळी स्वीट बदाम वगळून करतां येते, पण तींतून अंडें काढलें तर ती थाळी स्वीट राहत नाहीं. अंड्याच्या वावड्याच्या मुलाला ती न दिलेलीच बरी. फुग्यांतही अंडें असतें.

सामग्री निवडली म्हणजे काम संपलें असें नाहीं. ज्या मिक्सरांत सकाळीं काजू दळला त्यांतच दुपारीं खोबरें वाटलें तर सारा खटाटोप फुकट. म्हणून वावड्याचा खाऊ आधीं करावा, धुतलेल्या भांड्यांत करावा, व वेगळ्या डब्यांत झांकून ठेवावा. वाढणाऱ्यांनीं हात साबणानें धुवावेत. हात निर्जंतुक करणारें औषध चोळल्यानें शेंगदाण्याचा अंश जात नाहीं. मार्झिपानच्या शेजारीं ठेवलेली पेराद वावड्याच्या मुलासाठीं पेराद उरत नाहीं.

इतकें करूनही कधीं चूक होते. खाल्ल्यावर कांहीं मिनिटांत, क्वचित दोन तासांपर्यंत, मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, आणि त्यासोबत खोकला, धाप, वारंवार उलटी किंवा गळून जाणें असें कांहीं दिसलें, तर वाट पाहूं नये. ह्या प्रसंगाचें औषध ॲड्रेनॅलिन, तें मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंत टोंचतात. खाज थांबविणारी गोळी त्याची जागा घेऊं शकत नाहीं. मुलाला उभें करूं नये वा चालवूं नये; आडवें ठेवावें, धाप लागत असल्यास बसतें ठेवावें, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनीं असें औषध लिहून दिलें असेल तर तें घरच्या कपाटांत ठेवून काय उपयोग? तें मुलाबरोबर हवें, आणि तें कसें टोंचावयाचें हें तेथें हजर असणाऱ्या एका तरी वडील माणसाला यावें.

चर्चच्या आवारांत किंवा सोसायटीच्या अंगणांत अंडीं लपवून मुलांना शोधावयास लावतात, तेव्हां अडचण निराळी असते. मुलाला घरीं ठेवणें सोपें. पण सात वर्षांच्या मुलाला तें वर्षभर सलतें. तेथें खाऊऐवजीं रंगीत लांकडी किंवा प्लास्टिकचीं पोकळ अंडीं लपवावींत, त्यांत गोट्या, शिट्ट्या, चित्रें घालावींत, आणि खाऊ शेवटीं मोठ्यांच्या हातून द्यावा. आईनें आदल्या दिवशींच नारळाचीं दोन अंडीं डबींत घालून, वर मुलाचें नांव लिहून, वाटप करणाऱ्या बाईंकडे देऊन ठेवावींत. रांगेंत त्या मुलाची पाळी आली कीं त्याच्याही हातांत रंगीत अंडेंच पडतें.