ओपल : गुणधर्म, प्रकार व प्रतीकार्थ

प्रस्तावना :
बहुतेक रत्नांची ओळख त्यांच्या ठरावीक रंगावरून होते. माणिक तांबडे असते, पाचू हिरवा असतो, नीलम निळा असतो. ओपल हे रत्न मात्र या नियमास अपवाद आहे. त्याच्या एकाच खड्यात तांबडा, हिरवा, निळा असे अनेक रंग चमकतात आणि खडा हलविताच ते आपली जागा बदलतात. याच वैशिष्ट्यामुळे ओपल कधी श्रेष्ठ, तर कधी अशुभ मानले गेले. त्याचे गुणधर्म व प्रकार स्पष्ट करून, त्यास चिकटलेल्या शुभाशुभ कल्पनांचा त्या गुणधर्मांशी असलेला संबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गुणधर्म :
‘ओपल’ हे नाव लॅटिन ‘ओपॅलस’वरून आले असून त्याचा संबंध संस्कृतातील ‘उपल’ म्हणजे दगड या शब्दाशी जोडला जातो. रासायनिकदृष्ट्या ओपल म्हणजे पाणी सामावलेली सिलिका होय. दख्खनच्या बेसॉल्टमधील पोकळ्यांत आढळणारी गारगोटी व अकीक हीदेखील सिलिकाचीच रूपे आहेत. परंतु ती स्फटिकी आहेत, तर ओपल अस्फटिकी आहे. त्यातील पाण्याचे प्रमाण सामान्यतः 3 ते 10 टक्के असते. मोहस् मापश्रेणीनुसार त्याची कठिनता 5.5 ते 6.5 आणि विशिष्ट गुरुत्व सुमारे 2.1 असते.

ओपलमधील रंगांच्या खेळाचे कोडे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने उलगडले व त्याविषयीचे संशोधन 1964 मध्ये प्रसिद्ध झाले. मौल्यवान ओपलमध्ये सुमारे 150 ते 300 नॅनोमीटर व्यासाचे सिलिकाचे गोलक थरांवर थर असे शिस्तीने रचलेले असतात. या रचनेतून प्रकाशाचे विवर्तन होऊन रंग उमटतात. लहान गोलकांमुळे निळा-जांभळा, तर मोठ्या गोलकांमुळे तांबडा रंग दिसू शकतो. म्हणजेच हे रंग कोणत्याही रंगद्रव्याचे नसून रचनेचे आहेत. ज्या ओपलमध्ये गोलकांची मांडणी विस्कळीत असते, त्यात हा खेळ दिसत नाही; त्यास सामान्य ओपल म्हणतात.

प्रकार :
ओपलचे पुढील प्रकार विशेष प्रसिद्ध आहेत.
1) काळे ओपल : गडद पार्श्वभूमीमुळे रंग उठून दिसतात. ऑस्ट्रेलियातील लाइटनिंग रिज हे याचे प्रमुख स्थान आहे.
2) पांढरे ओपल : दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पेडी येथे 1915 मध्ये याचा शोध लागला.
3) बोल्डर ओपल : क्वीन्सलंडमधील लोहयुक्त खडकांच्या भेगांत याचे पातळ थर आढळतात.
4) अग्नी ओपल : मेक्सिकोतील नारिंगी-तांबडा प्रकार. यात रंगांचा खेळ असेलच असे नाही.
5) जलशोषक ओपल : इथिओपियातील वोलो भागात 2008 मध्ये याचे मोठे साठे उघडकीस आले. हे ओपल पाणी शोषून घेते. त्यामुळे काही काळ त्याचे रंग फिके पडतात आणि वाळल्यावर ते परत येतात.

प्रतीकार्थ :
रोमन लेखक प्लिनी याने ओपलमध्ये अनेक रत्नांचे तेज एकवटलेले पाहिले. मार्क अँटनीला ओपल द्यावे लागू नये म्हणून नोनियस या सिनेटरने देशत्याग पत्करला, अशी कथाही त्याने नोंदविली आहे. पुढे युरोपात ओपलची अपकीर्ती झाली. तिचा संबंध सामान्यतः सर वॉल्टर स्कॉट यांच्या ‘अॅन ऑफ गायरस्टाइन’ (1829) या कादंबरीशी जोडला जातो. त्यातील एका स्त्रीच्या ओपलवर पवित्र जलाचा थेंब पडताच ते निस्तेज होते व तिचाही अंत ओढवतो. पाण्याने ओपलचे तेज जाणे हे जलशोषक ओपलच्या बाबतीत निसर्गतः घडू शकते. मात्र त्याचा मनुष्याच्या दैवाशी काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियाने तर 1993 मध्ये ओपलला राष्ट्रीय रत्नाचा मान दिला. एकाच खड्याविषयीचे हे परस्परविरोधी अर्थ पाहता, ते खड्यात नसून पाहणाऱ्याच्या मनात आहेत, हे स्पष्ट होते.

आपल्याकडे नवरत्नांच्या रूढ यादीत ओपल नाही. तरीही शुक्राचे रत्न असलेल्या हिऱ्यास पर्याय म्हणून ते अंगठीत वापरण्याचा सल्ला दिला जातो. गुणधर्मांच्या दृष्टीने मात्र दोहोंत मोठे अंतर आहे. हिऱ्याची कठिनता 10 आहे. साध्या धुळीतील क्वार्ट्झचे कणही 7 कठिनतेचे असल्याने ओपलवर ओरखडे पाडतात. अति उष्णतेने त्यातील पाणी कमी होऊन तडे जाऊ शकतात. अशा वेळी तडा गेलेला खडा म्हणजे अपशकुन, असे समजून सामान्य माणूस भयभीत होतो. शिवाय ओपलचा पातळ काप गडद पाठीवर चिकटवून ‘डबलेट’ आणि त्यावर पारदर्शक आवरण बसवून ‘ट्रिपलेट’ तयार केले जाते. कृत्रिम ओपलही 1970 च्या दशकापासून बाजारात आहे. म्हणून खरेदीपूर्वी रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहणे हितावह ठरते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, ओपलचे सौंदर्य त्याच्या सूक्ष्म रचनेत आहे आणि त्याच्या नाजूकपणास त्यातील पाणीही कारणीभूत आहे. लोकमानसाने त्याच्या तेजास भाग्याचे आणि तेज हरपण्यास दुर्भाग्याचे नाव दिले. प्रतीकांचा अभ्यास साहित्य व संस्कृतीच्या आकलनासाठी आवश्यकच आहे. परंतु प्रतीक कोठे संपते व पदार्थधर्म कोठे सुरू होतो, हे विद्यार्थ्यांना दाखवून देणे ही विज्ञान आणि मानव्यविद्या या दोन्ही शाखांतील अध्यापकांची जबाबदारी आहे.