एका जागी बस ना गं!

खरं सांगू? हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणायचे. माझा कॉल सुरू आणि आमची साडेतीन वर्षांची कन्या सोफ्यावरून उड्या मारतेय! मग हातात मोबाइल द्यायचा, की घर चिडीचूप. वर्षभर हा फॉर्म्युला मस्त चालला.

मग पालकसभेत बाई म्हणाल्या, ''हुशार आहे हो, पण जिना उतरताना घाबरते. लंगडी तर घालतच नाही. घरी खेळते ना?''

माझी बोलती बंद. दारातून लिफ्ट, लिफ्टमधून कार, कारमधून शाळा. पोरगी चालत होतीच कुठे?

त्या रात्री वाचत बसले. १९६३ मध्ये अमेरिकेत हेल्ड आणि हाइन या संशोधकांनी मांजरीच्या पिल्लांच्या जोड्या घेतल्या. एक पिल्लू स्वतः चालायचं, दुसरं त्याच यंत्राच्या पाळण्यात बसून फिरायचं. दोघांना दिसायचं सारखंच. पण खोलीचा अंदाज फक्त चालणाऱ्याला आला! माझ्या डोळ्यांपुढे आमचं कार-सीट आलं. दिलासा एकच : मोकळं सोडल्यावर पाळण्यातली पिल्लंही सावरली.

कारण सोपं आहे. तोल सांभाळताना कानाच्या आतला भाग, डोळे, स्नायू, सगळे मेंदूला खबरा देतात. मेंदू त्यांची सांगड घालतो आणि जे मार्ग सारखे वापरले जातात, ते पक्के होतात. नुसतं बघून हे जमत नाही.

आणि अभ्यासाचं काय? इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांच्या टीमने २००९ मध्ये नऊ-दहा वर्षांच्या २० मुलांना २० मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं. नुसतं बसल्यानंतरच्या तुलनेत त्यांचं लक्ष आणि वाचनाच्या चाचणीतले गुण वाढले.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा सल्ला तर स्पष्टच आहे : तीन-चार वर्षांच्या मुलांची रोज किमान १८० मिनिटं हालचाल, त्यातली ६० मिनिटं दमवणारी. स्क्रीन जास्तीत जास्त एक तास. १८० ऐकून घाबरू नका, ती दिवसभरात विभागलेली चालतात.

आता आम्ही तीन मजले जिन्याने चढतो. ऑफिसातून आल्यावर पार्किंगमध्ये खडूने घरं आखून लंगडी! गेल्या आठवड्यात तिने सलग चार घरं पार केली. मी तिसऱ्यातच आपटले.

काल पुन्हा कॉलच्या वेळी सोफ्यावर उड्या सुरू झाल्या. मी काय केलं? स्वतःला म्यूट केलं, बस्स.